पूर्व की पश्चिम

तीस वर्षं सातारा रोडवर मी गाड्यांची चाकं सरळ केली,
म्हणून बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी धरून चाललं
की दुर्बिणीचं अलाइनमेंट कुदळेकाकांना येणारच.

दुर्बीण शार्दूलची. माझा पुतण्या.
कॅलगरीहून परत आला तेव्हा दोन बॅगांपैकी एकीत
कपड्यांऐवजी ही निघाली.
तो दिवसा झोपतो. रात्री का जागतो, कोणी विचारत नाही.
"तुम्हीच बघा काका," म्हणाला,
आणि कूस बदलली.

मग धनकवडीच्या गच्चीवर मी, तिसऱ्या मजल्यावरचा तन्वीर,
टॉर्चच्या तोंडाला रबरबँडने आवळलेला लाल जिलेटिन कागद,
आणि एक रिमोट,
जो प्रत्येक चुकीनंतर तितक्याच अदबीने विचारतो: पुढे?

पहिल्या रात्री मोटर कण्हली आणि अर्ध्या आकाशात थांबली.
हे मला कळलं. आठ पेन्सिल सेल, त्यातले दोन भिंतीवरच्या घड्याळातले.
सेल बसले की यंत्र लगेच बंद पडत नाही,
आधी खोटं बोलायला लागतं.
गॅरेजमधून बारा व्होल्टची बॅटरी आणली, वायर जोडली,
मधली पिन प्लस, दोनदा तपासून.

दुसऱ्या दिवशी उजेडात लाल ठिपका नळीशी जुळवला.
सिंहगडावरचा टॉवर धरला.
एक स्क्रू सैल, दुसरा आवळ, पुन्हा पहिला.
तन्वीर डोळा लावून म्हणाला, "काका, गड उलटा दिसतोय."
म्हटलं, दिसू दे. हलत नाही ना?

तिसऱ्या रात्री माहिती भरली.
महिना आधी, तारीख नंतर.
उन्हाळी वेळ: हो, असं आधीच लिहिलेलं.
"म्हणजे काय?"
तिकडे संध्याकाळचं ऊन पुरवायला घड्याळ पुढे सारतात.
"आणि मग?"
मग मागे.
तो इतका हसला की खालून कोणीतरी ओरडलं.
गाव: कॅलगरी. यादीत पुणे नव्हतंच.
तो मोबाइलवर वाचत गेला, मी दाबत गेलो:
अठरा, एकतीस. त्र्याहत्तर, एकावन्न.
"जुनं पुसू?"
खालच्या खिडकीत उजेड होता.
पूस, म्हटलं.

डोक्यावरची रोहिणी घ्यायची नाही, तिथे नळी गोंधळते,
म्हणून ब्रह्महृदय मागितलं. ईशान्येला, पिवळसर,
लहान मूलही बोट दाखवील इतकं ठळक.
दुर्बीण घूं करत वळली
आणि पाण्याच्या टाकीच्या पायाशी जाऊन थांबली.
व्याध मागितला,
तो तिने घोरपड्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत शोधला.
आम्ही नुसतं ओके दाबत गेलो तर
शेवटी लिहून आलं: यशस्वी.

अशी गाडी पाहिलीये मी.
मशीनवर सगळे आकडे हिरवे,
आणि स्टिअरिंग सोडलं की निघाली कठड्याकडे.

पावणेबाराला शार्दूल वर आला. अंगावर शाल,
हातात अर्धा खाल्लेला पेरू.
दुर्बिणीकडे बघितलंच नाही. रिमोट घेतला,
चार वेळा मागे गेला,
"त्र्याहत्तर पूर्व. तुम्ही पश्चिम ठेवलंय.
ते आपोआप पश्चिमच धरतं."
आणि पेरूच्या हाताने एक बटण दाबलं.

यावेळी ब्रह्महृदय काठावर आलं. मग मध्ये.
मग व्याध, रंग सांडत, थरथरत.
मग मृगाच्या तलवारीतला तो तेजोमेघ,
पुस्तकातल्यासारखा गुलाबी नाही,
स्वारगेटच्या उजेडातून उरलेला
काचेवर सोडलेल्या श्वासाएवढा.
तन्वीरने पाहिला, मी पाहिला.
शार्दूलने सगळ्यात जास्त वेळ पाहिला.

"मागे सरका, मला परत," म्हणत तन्वीर पुढे आला
आणि त्याची चप्पल तिपाईच्या पायात.

कोणी काही बोललं नाही.
मग शार्दूलने खाली बसून पाय पुन्हा समतल केला,
बुडबुडा मध्ये येईपर्यंत.
मी सांगितलं, मध्यावर आणताना शेवटचं बटण
नेहमी एकाच बाजूने दाब, वर आणि उजवीकडे,
नट आवळतो तसं. गिअरला ढिलाई असते.

"माहितीये," तो म्हणाला.
"तारीख सांगा. आता सव्वीस लागली असेल."